अध्यापकाची जागा

रुवी, ३१ मार्च १९९७

मामू,

सलाम. आज मार्चअखेर, म्हणून लिहिते आहे. दुसरंही कारण आहे, पण ते या पत्रात येणार नाही.

खाबुऱ्याला दर वर्षी या दिवशी मी दुकानाच्या मागच्या खोलीत तांदळाच्या पोत्यावर बसून माझ्या वर्षाचा अहवाल लिहायची आणि तुम्ही तो लाल पेन्सिलीनं तपासायचात. विद्यापीठ लिहितं तसाच लिहायचा, हा तुमचा नियम. उमेदवार किती, बसले किती, उत्तीर्ण किती, ग्रंथालयात भर काय पडली, शेवटी अध्यापकवर्ग. फुशारकी नको, रडगाणं नको. गेल्या वर्षी मी लिहिला नाही. तुम्ही गावी निघून गेल्याला तेव्हा सात महिने झाले होते आणि अहवाल कुणाला पाठवायचा ते कळेना. यंदा कळलं असं नाही. बाणकोटचा पत्ता अम्मीच्या डायरीतून उतरवून घेतला. तिला सांगितलेलं नाही, पण तिनं डायरी त्या पानावर उघडीच ठेवली होती.

तर सन १९९६-९७. उमेदवार एक, मुलगी, खासगी. परीक्षेस बसले शून्य. उत्तीर्ण शून्य. ग्रंथालयात तीन जुने खंड आणि एक शब्दकोश, ज्याची शेवटची पानं नाहीत. अध्यापकाची जागा रिकामी.

आता बाकीचं. आम्ही खाबुरा सोडून मस्कतमध्ये, रुवीला आलो. अब्बा आता अर्बाबांच्या चुलतभावाच्या, म्हणजे दुसऱ्या ओमानी मालकाच्या, कापडदुकानात काउंटरवर उभे राहतात. हे सगळं धाकट्या इरफानसाठी, त्याला इंडियन स्कूलमध्ये घालायचं होतं म्हणून. माझ्या वेळी खाबुऱ्याला भारतीय शाळा नव्हती आणि सोहारला मुलीला एकटीला पाठवायचं नव्हतं, म्हणून मला तुम्ही मिळालात. मला यात तक्रार करण्यासारखं काही दिसत नाही. इरफानला मात्र दिसतं. तो म्हणतो, आपा, तू राणीच्या राज्यातलं इंग्रजी बोलतेस. त्याच्या वर्गातली मुलं एकमेकांशी इंग्रजीतच बोलतात, पण ते इंग्रजी आपल्या खंडांत कुठंच नाही.

एक गोष्ट सांगते. आमच्या इमारतीत चार दिवस पाणी नव्हतं. मी मालकाच्या ऑफिसला चिठ्ठी लिहिली, आपल्या अहवालांत असते तशीच. ‘आय हॅव द ऑनर टू रिपोर्ट’पासून सुरुवात, शेवटी ‘मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट’. अब्बा चिठ्ठी देऊन आले आणि म्हणाले की मॅनेजरनं ती उभं राहून वाचली. दुपारपर्यंत टाकी भरली. अब्बांना हसू आलं, मग तुमची आठवण आली असावी, कारण ते उठून आत गेले.

विद्यापीठाच्या जुन्या अहवालांचे ते तीन खंड मी रोज उघडते. त्या शंभर वर्षांपूर्वीच्या विद्यापीठाचं मला आता लहानपणापेक्षा जास्त नवल वाटतं. तेव्हा वाटायचं की हे फक्त आकडे आहेत. आता एका वर्षाचं पान उलटून पुढच्या वर्षाच्या पानावर गेले की छातीत काहीतरी भरून येतं. यंदा इतके बसले, पुढल्या वर्षी त्याहून अडीचशे जास्त. एक नवं केंद्र. ग्रंथालयाला आणखी एक कपाट. आणि कुणीतरी हे सगळं शांतपणे लिहून ठेवतं, जणू काही आश्चर्य घडलेलंच नाही. पास झालेल्यांच्या नावांपुढे शाळांची नावं आहेत आणि मध्येच एखाद्या नावापुढे फक्त ‘खासगी’ असा शब्द. तुम्ही त्याच्यावर बोट ठेवून म्हणाला होतात, “बाय, ही तुझी ओळ. या ओळीतली माणसं घरात शिकली आणि दारातून ताठ मानेनं आत गेली.” मी तेव्हा आठ वर्षांची होते. त्या माणसांना घरी कोण शिकवत असेल, हे तेव्हा विचारलं नाही. अहवालात ते नाहीच.

पानांच्या कडेची जांभळी रेघ अजून तशीच आहे. लहानपणी मला ती नक्षी वाटायची.

कळवण्यासारखं एवढंच.

तुमची भाची
अमरीन


रुवी, ३१ मार्च १९९८

मामू,

तुमचं उत्तर आलं नाही. ते येईल असं मी धरलेलं नव्हतं, तरी पोस्टाच्या पेटीची किल्ली मी अब्बांकडून मागून घेतली आहे.

सन १९९७-९८. उमेदवार एक, खासगी. बसले शून्य, आणि या शून्याला यंदा कारण आहे. ग्रंथालयात भर म्हणजे इरफानची गेल्या वर्षीची पुस्तकं. अध्यापकाची जागा रिकामी.

कारण असं. आमच्या वरच्या मजल्यावर कॅथरीन मॅडम राहतात. वसईच्या आहेत. घरात शिकवणी घेतात आणि शाळेत न जाणाऱ्या मुलांना ओपन स्कूलच्या दहावीच्या परीक्षेला बसवतात. परीक्षा मस्कतलाच होते. अम्मीनं मला त्यांच्याकडे नेलं. त्यांनी मला उतारा वाचायला दिला, गणितं दिली, आणि मग चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, हिला कुठल्या शाळेनं शिकवलं? अम्मी म्हणाली, माझ्या भावानं. तो काय करायचा? अम्मीनं सांगितलं, मुंबईत एका जुन्या ग्रंथालयात पुस्तकं बांधायचा, मग इथं आमच्या दुकानात. कॅथरीन मॅडमना वाटलं अम्मीला नीट सांगता येत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की खरं आहे.

फॉर्ममध्ये एक रकाना आहे. शाळेत न गेलेल्या उमेदवाराला आजवर ज्यानं शिकवलं त्याचं नाव, पत्ता, किती वर्षं शिकवलं आणि सही. कॅथरीन मॅडम सरळ म्हणाल्या, “अगं, सगळे मलाच सही करायला सांगतात. मी करते, तू मिठाई आण.”

अब्बांनाही ते पटलं. खलास, म्हणाले, झालं काम.

मी फॉर्म घरी आणला आणि तो रकाना तीन दिवस बघत बसले. त्यात ‘कॅथरीन’ लिहिलं असतं तर खोटं झालं असतं, आणि खोटं कुणाविरुद्ध, ते मला नीट माहीत होतं. मी सही घेतली नाही. तारीख टळली. अब्बा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. अम्मीनं विचारलं, मग मामूंकडूनच सही का मागवत नाहीस? मी म्हणाले, मागवेन. मागवली नाही. तुमच्याकडे काही मागण्याचा मला हक्क आहे की नाही, हे आधी ठरायला हवं.

मामू, मागच्या पत्रात मी दुसऱ्या कारणाबद्दल लिहिलं होतं. त्याचा अर्धा भाग आज लिहिते.

मुंबईहून आलेलं ते पत्र तुम्हाला आठवत असेल. ऑगस्ट महिना होता, आपण जेवायला बसलो होतो. अब्बांनी ते शेजारच्या, शिंपीकाम करणाऱ्या इक्बालभाईंकडून वाचून घेतलं होतं. त्यात तुमच्या जुन्या ग्रंथालयानं विचारलं होतं की हे तीन खंड आमच्या नोंदीत सापडत नाहीत, ते तुमच्याकडे कसे आले ते कळवावे. अब्बा म्हणाले, चोरीचा माल माझ्या दुकानात? अर्बाबला कळलं तर माझी पाटी उतरेल. तुम्ही घास खाली ठेवलात आणि एवढंच विचारलंत, “ग्रंथालयाला कुणी लिहिलं?”

तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलंत. मी डाळीत भात कालवत होते.

आज एवढंच लिहिता येतं.

अमरीन


रुवी, ४ नोव्हेंबर १९९८

मामू,

आज मार्चअखेर नाही, हे मला माहीत आहे. तरी लिहावंच लागतं.

ग्रंथालयाला मी लिहिलं होतं.

तुम्हाला हे त्याच दुपारी कळलं होतं. तुमच्या नजरेत ते मी तेव्हाच पाहिलं. तरी माझ्या तोंडून आलेलं नाही तोवर ते सांगितलेलं नाही.

का लिहिलं ते ऐका. मी चौदा वर्षांची होते आणि अहवालातला ग्रंथालयाचा भाग वाचत होते. ‘वर्षअखेरच्या मोजणीत चार पुस्तकं गहाळ आढळली.’ मग माझं लक्ष आपल्या खंडांवरच्या गोल शिक्क्यांकडे गेलं, तुमच्या ग्रंथालयाच्या. इतकी वर्षं ते शिक्के माझ्या डोळ्यांसमोर होते. त्या दिवसापासून मला वाटायला लागलं की मुंबईत कुणीतरी दर मार्चअखेरीला कपाटं मोजतंय आणि दर वर्षी तीन कमी भरतायत. तो माणूस पुन्हा मोजतोय. त्याच्या अहवालात दर वर्षी एक ओळ आमच्यामुळे खोटी पडते आहे. मामू, मला झोप लागेना. त्या कागदांवरच्या सगळ्याबद्दल मला इतका आदर होता की त्यातली एक ओळ आमच्यामुळे चुकावी हे सहन झालं नाही. तुम्हाला विचारायचा धीर झाला नाही, म्हणून मी त्यांनाच लिहिलं. तुमच्याच शाईनं, तुम्ही शिकवलेल्या इंग्रजीत. खाली दुकानाचा पत्ता घातला.

आठ दिवसांत तुम्ही गेलात. खंड माझ्या उशीशी ठेवलेत आणि लाल पेन्सिल घेऊन गेलात.

आता परवा काय झालं ते. इथली हवा दमट आणि एसी रात्रंदिवस चालू, त्यामुळे दुसऱ्या खंडाची पाठ सुटली. खळ फुगून पुठ्ठा हातात आला. मी तुमच्यासारखं करायचं ठरवलं, जुनं अस्तर ओलं करून काढायचं आणि नवं चिकटवायचं. तेव्हा त्या खंडात चिकटून बसलेला एक घडीचा तक्ता सुटला. सगळ्या केंद्रांच्या आकड्यांचा मोठा कागद, चार घड्यांचा. मी तो लहानपणापासून एकदाही पूर्ण उघडलेला नव्हता. फाटेल म्हणून तुम्हीच उघडू देत नव्हता.

तो मी जमिनीवर पसरला. आतल्या बाजूला, जिथं तुमची कटाईची सुरी पोचली नव्हती, एक चौकोनी जांभळा शिक्का अख्खा उमटलेला होता. ‘नोंदीतून कमी केले. रद्दी.’ खाली तारीख, सन १९७१.

मी बाकीची पानं एकेक करून उजेडाला धरली. कडेची ती जांभळी रेघ नक्षी नव्हती. ती त्याच शिक्क्याच्या अक्षरांची टोकं होती. शिक्का समासात मारलेला, आणि बांधताना तुम्ही कडा सारख्या कापल्यात त्यात तो गेला. गोल शिक्का पानाच्या मध्यावर, म्हणून तो राहिला. मला जे दिसलं ते मी पुरावा धरलं, आणि जे कापलं गेलं त्याचा मी कधी विचारच केला नाही. बाइंडरच्या घरात वाढलेल्या मुलीला एवढं कळायला हवं होतं की कटाईत काय जातं.

फर्मे, म्हणजे शिवलेल्या पानांच्या जुड्या, सोडवले तेव्हा आणखी एक कळलं. ते मुळात खंड नव्हतेच. पानांचे आकडे एकाच पुस्तकाचे नाहीत. एका वर्षाची सातव्या पानापासून सुरुवात, दुसऱ्याचा शेवट नाही. तुम्ही सांगायचात की ग्रंथालयात रद्दी झालेले छापील कागद बाइंडरकडे येतात आणि ते नव्या पुस्तकांच्या पाठीत अस्तर म्हणून चिकटवतात. हे अहवाल तुमच्याकडे अस्तरासाठी आले होते. तुम्ही ते पाठीत घातले नाहीत. एकेक सुटं पान जमवून, वर्षांच्या क्रमानं लावून, शिवलंत. शंभर वर्षांपूर्वी पास झालेल्या इतक्या माणसांना तुम्ही खळीतून वाचवलंत, आणि मी लिहिलं की तुम्ही त्यांना चोरलंत.

अजून एक सांगायचं आहे. खाबुऱ्याला एकदा बकरीनं दुसऱ्या खंडाचा पुठ्ठा चावला होता आणि तुम्ही तो पुन्हा बांधला होतात. त्या पाठीचं अस्तर मी काल वाफेवर धरून काढलं. ते वहीचं पान निघालं. शिसपेन्सिलीनं, मोठ्या वाकड्या अक्षरांत लिहिलेलं. ‘सन १९८९. उमेदवार एक. मुलगी. खासगी. बसले शून्य. ग्रंथालय तीन. अध्यापक एक.’ खाली तुमचं लाल पेन्सिलीतलं ‘ठीक’.

माझा पहिला अहवाल. इतकी वर्षं ते पुस्तक त्याच्यावर उभं होतं.

अम्मी आली, तिनं पान पाहिलं, आणि माझ्याशेजारी जमिनीवर बसली.

अब्बांना मी सगळं सांगितलं, पत्र मी लिहिलं होतं हेही. त्यांनी ऐकून घेतलं आणि नमाजासाठी वजू करायला उठले.

मी तुमची माफी मागते. माफी मागण्याची विद्यापीठाची काही रीत अहवालांत नाही, म्हणून साधीच मागते.

अमरीन


रुवी, ३१ मार्च १९९९

मामू,

सन १९९८-९९. उमेदवार एक, खासगी. बसले शून्य. ग्रंथालयात तीन खंड, दुसऱ्याची बांधणी नवी, शिवण जरा ढिली. अध्यापकाची जागा रिकामी.

उत्तर नाही. नोव्हेंबरच्या पत्राचंही नाही. फॉर्म भरायची शेवटची तारीख ३१ जुलै आहे, त्यानंतर पुढचं वर्ष. मी अठरा वर्षांची झाले. अब्बांकडे बाणकोटहून आणि मुरूडहून निरोप यायला लागले आहेत, कसले ते तुम्हाला सांगायला नको. अम्मी म्हणते, दहावी होऊ दे. अब्बा म्हणतात, होत असेल तर होऊ दे, किती वर्षं थांबायचं? तर यंदाच्या शून्याला मी पहिल्यांदा घाबरले आहे.

ईदला आम्ही खाबुऱ्याला गेलो होतो, अर्बाबांना भेटायला. समुद्राकडून तोच वारा, आणि डोंगर नेहमीसारखे लांब निळे. मजलिसमध्ये, त्यांच्या बैठकीच्या खोलीत, कॉफी आली. अर्बाब आता थकले आहेत. त्यांनी अब्बांना पहिलाच प्रश्न केला, उस्ताद वेन? उस्ताद कुठाय? तुम्हाला ते उस्तादच म्हणायचे, आठवतं? दुकानात आले की मला विचारायचे, आज किती पास झाले, आणि मी खंडात बघून सांगायची आणि ते मान हलवायचे, जणू निकाल त्या सकाळीच लागला आहे. त्यांना आकडे आवडायचे. सत्तर सालापर्यंत सगळ्या देशात तीन शाळा होत्या, हे ते बोटं दाखवून सांगायचे. आता त्यांची धाकटी लेक मस्कतला विद्यापीठात आहे. अबाया सावरत फाइल छातीशी धरून बसमध्ये चढते, आणि बस हलेपर्यंत अर्बाब रस्त्यात उभे राहतात. मी ते पाहिलं. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर ते काय होतं ते मला ओळखता आलं. अहवालाचं पान उलटताना मला होतं तेच.

अब्बांनी त्यांना सांगितलं, उस्ताद गावी गेले. अर्बाब म्हणाले, हो, व्हिसा रद्द करायच्या कागदावर सही मीच केली, पण तू मला कारण सांगितलं नव्हतंस. अब्बांनी कारण सांगितलं. सगळं, माझ्या पत्रासकट, रद्दीच्या शिक्क्यासकट. मला वाटलं जमीन फाटावी आणि मी आत जावं. अर्बाबांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. मग म्हणाले, “हुसैन, तुझ्या दारात शाळा चालली होती. ती तू बंद केलीस आणि मला कळवलंही नाहीस.”

परतीच्या वाटेवर अब्बांनी गाडी एका पेट्रोलपंपावर थांबवली आणि समोर बघत म्हणाले, “फॉर्म आण. मी अलीमियाँकडे देतो.”

अलीमियाँ आपल्या बाणकोटचेच, मत्राहच्या बंदरावर कामाला असतात. एप्रिलमध्ये रजेवर जात आहेत. फॉर्म त्यांच्या हातानं पाठवते आहे, सोबत हे पत्र. अब्बांनी त्यांच्याकडे तुमच्यासाठी निरोपही दिला आहे. काय दिला ते मला सांगत नाहीत. अलीमियाँनी ऐकून डोळे पुसले, एवढं मी दारातून पाहिलं.

सही केली नाहीत तर मी समजेन. ती तुमची सही आहे, आणि ती जेव्हा मागायची तेव्हा मी एकदा मागितली नाही. कॅथरीन मॅडमची मात्र घेणार नाही. हा हट्ट नाही. जो रकाना खरा भरता येत नाही तो रिकामा ठेवायचा, हे तुम्हीच शिकवलंत.

अमरीन


रुवी, १९ जून १९९९

मामू,

अलीमियाँ परवा आले. हलव्याचा डबा अम्मीच्या हातात दिला, पाणी प्यायले, आणि पिशवीतून पुठ्ठ्यात बांधलेलं एक पुडकं काढून माझ्यासमोर ठेवलं. वर सुतळीची तुमची गाठ. मी ती कापली नाही. सोडवली.

आधी अलीमियाँनी जे सांगितलं ते लिहिते, म्हणजे त्यांनी भर घातली असेल तर तुम्हाला कळेल. म्हणाले, तुम्ही पडवीत मशिदीचं जुनं कुराण बांधत होता. त्यांनी अब्बांचा निरोप सांगितला. तुम्ही खळ ढवळत राहिलात. मग त्यांनी फॉर्म दिला. तुम्ही तो बाजूला ठेवलात, वर दगड ठेवलात वाऱ्यानं उडू नये म्हणून, आणि जेवायला बोलावलंत. अलीमियाँ तसे तोंडाळ. त्यांनी जेवताना विचारलंच, इतकी वर्षं पोरीला दोन ओळी का लिहिल्या नाहीत, रद्दी होती तर त्या दिवशी बोलला का नाहीत. तुम्ही म्हणालात, “सांगितलं असतं. तिनं मला विचारायला हवं होतं. तिनं मुंबईला विचारलं.”

हे अलीमियाँनी अम्मीसमोर, अब्बांसमोर सांगितलं. मामू, माझ्या चुकीला मी चार वर्षं निरनिराळी नावं देत होते. तिचं खरं नाव तुम्ही जेवता जेवता सांगून टाकलंत.

मग मी पुडकं उघडलं.

वर फॉर्म होता. रकाना भरलेला. नाव जैनुद्दीन. पत्ता बाणकोट. किती वर्षं शिकवलं, नऊ. व्यवसाय या शब्दापुढे तुम्ही ‘बाइंडर’ लिहिलंय आणि त्याखाली सही, इतकी सरळ की पट्टी लावल्यासारखी. कॅथरीन मॅडमनी ती पाहिली आणि फॉर्म दोन्ही हातांनी धरला. म्हणाल्या, हा मी स्वतः केंद्रात नेऊन देते.

खाली माझी पत्रं होती. चारही. मला वाटलं तुम्ही ती परत पाठवलीत. मग पहिलं उघडलं.

लाल पेन्सिल.

सत्त्याण्णवच्या पत्रात तीन चुका. शब्दकोशाची ‘शेवटची पानं नाहीत’ याखाली रेघ आणि समासात ‘किती पानं? मोजून लिही.’ अठ्ठ्याण्णवच्या पत्रात एक वाक्य अख्खं खोडलेलं, तो ‘हक्क आहे की नाही’ असा भाग, आणि पुढे ‘अहवालात नको.’ नोव्हेंबरच्या पत्रावर सगळ्यात कमी खुणा. जिथं ‘तुम्ही त्यांना चोरलंत’ लिहिलं होतं तिथं पेन्सिल टेकवून उचललेली दिसते, ठिपका आहे, शब्द नाही. जिथं मी माफी मागितली तिथं ‘ठीक.’ एकोणनव्वदच्या पानावर होतं तसंच, त्याच वळणाचं. यंदाच्या पत्रात ‘शिवण जरा ढिली’पुढे ‘जुजबंदी नीट शीक. फर्म्यागणिक दोरा ओढायचा.’

म्हणजे प्रत्येक पत्र तुम्ही आलं त्या वर्षी तपासलंत. पेन्सिलीचा रंग वेगवेगळा आहे, पहिल्या पत्रावरचा जरा फिकट झाला आहे. मी पेटीची किल्ली घेऊन रोज खाली जात होते आणि तिकडं पडवीत बसून तुम्ही माझे आकडे बघत होता.

एक दुरुस्ती तिन्ही अहवालांत सारखी आहे. मी प्रत्येक वर्षी लिहिलं होतं, अध्यापकाची जागा रिकामी. प्रत्येक वर्षी तुम्ही ‘रिकामी’ खोडलंय आणि वर लिहिलंय, ‘अध्यापक रजेवर.’

हे मी अम्मीला वाचून दाखवलं. मग अब्बा म्हणाले, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं. इरफाननं विचारलं, मामू रजेवर आहेत, म्हणजे येणार? अब्बांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, इन्शाल्ला म्हण. व्हिशासाठी ते शनिवारी अर्बाबांकडे खाबुऱ्याला जाणार आहेत. हे त्यांनी मला तुम्हाला कळवायला सांगितलेलं नाही. मीच कळवते आहे.

दुरुस्त अहवाल खाली देते. शब्दकोशाची पानं मोजली, बावीस कमी आहेत.

सन १९९९, जूनपर्यंत. उमेदवार एक, मुलगी, खासगी. फॉर्म दाखल. परीक्षा नोव्हेंबरात. ग्रंथालयात तीन खंड, आणि चार तपासलेली पत्रं, जी मी जुजबंदी शिकून बांधणार आहे. कडा कापणार नाही.

अध्यापक रजेवर. रजा किती दिवसांची असते, हे बघायला मी तिन्ही खंड पुन्हा चाळले. नियम सापडला नाही. ते पान तुमच्याकडे आलेल्या रद्दीत नसावं. तेव्हा या वेळी मी तुम्हालाच विचारते.

अमरीन